पोट सांभाळू की हात?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवतात. सहा वर्षांपूर्वी जुलाब, ताप आणि पोटदुखी सुरू झाली. आतड्याचा टीबी समजून आधी सहा महिने टीबीची औषधं झाली. मग क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं. स्टेरॉइडने चेहरा सुजला. अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळीने तीन आठवड्यांत केस झडले आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या, म्हणून ती बंद झाली. गेले चौदा महिने दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन चालू आहे आणि पोट शांत आहे, वजन नऊ किलोंनी वाढलं आहे. पण चार महिन्यांपूर्वी तळहातांवर आणि तळपायांवर पू भरलेले बारीक फोड आले. ते वाळून खपल्या निघतात, भेगा पडतात. डोक्यात जाड कोंडा धरला आहे आणि एका जागी केस विरळ झाले आहेत. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने आठवडाभर बरं वाटलं, मग दुप्पट आलं. सासूबाई म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, ते इंजेक्शन बंद कर. एका नातेवाइकाने रक्तशुद्धीचा काढा आणून दिला आहे. ताईंनी कुणालाच, अगदी नवऱ्यालाही न सांगता शेवटचे दोन डोस चुकवले. शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच आठवडे झाले. हात तसेच आहेत आणि पोट पुन्हा गुरगुरायला लागलं आहे. शाळेत बक्षीस देताना तिसरीतल्या एका मुलीने हात मागे घेतला, ते मनातून जात नाही. ताई विचारतात: 'ज्या डॉक्टरांनी पोट वाचवलं, त्यांच्याकडे हाताची तक्रार घेऊन जायची लाज वाटते. या वर्षी मूलही हवं आहे. काय धरू आणि काय सोडू?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्वचेची डॉक्टर म्हणून वाचलं, फोड कुठे, कधीपासून, कशाने वाढतात हे शोधत. दुसऱ्यांदा वाचताना 'लाज वाटते' या दोन शब्दांपाशी थांबले. त्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे. पण आधी एक काम, आणि ते उद्याच्या उद्या करायचं आहे.

उद्या शाळेत जाण्यापूर्वी तुमच्या पोटाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा आणि सांगा: माझे अ‍ॅडालिमुमॅबचे दोन डोस चुकले आहेत, शेवटचा पाच आठवड्यांपूर्वी झाला, हातापायांवर पू भरलेले फोड आहेत आणि पोट पुन्हा गुरगुरतं आहे. एवढंच. डोस का चुकले याची सफाई फोनवर द्यायची गरज नाही. पुढचा डोस कधी आणि कसा घ्यायचा, हे त्यांना ठरवू द्या.

इतकी घाई का, ते सांगते. 'थोडे दिवस थांबवून बघते, वाटलं तर पुन्हा सुरू करीन' असं तुम्ही लिहिलं आहे. डोकेदुखीच्या गोळीच्या बाबतीत हे चालतं, तुमच्या इंजेक्शनसारख्या बायॉलॉजिकच्या बाबतीत नाही. हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेलं एक प्रथिन आहे. रक्तातली त्याची पातळी सारखी वरखाली झाली, की शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागू शकतं. मग तेच औषध पुन्हा घेतलं तरी त्याचा उपयोग होत नाही. सलाइनमधून देतात त्या इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत तर मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना जोराची रिअ‍ॅक्शनही येऊ शकते. क्रोन्ससाठी औषधांची यादी आधीच लांब नाही. त्यातलं एक चालू असलेलं औषध असं नकळत हातचं घालवू नका. ते सोडायचंच ठरलं, तर विचार करून, दुसरं हाताशी ठेवून सोडायचं.

तुम्ही स्वतःच एक गोष्ट नोंदवली आहे. पाच आठवडे झाले तरी हात सुधारले नाहीत. हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात. शिवाय काही जणांमध्ये औषध पूर्ण थांबवल्यावरही ही पुरळ रेंगाळते. म्हणजे परस्पर बंद केल्याने पोट हातातून जाईल आणि हात बरे होतीलच असंही नाही.

आता उष्णतेबद्दल. सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही. इंजेक्शन सुरू झालं आणि काही महिन्यांनी फोड आले, हा क्रम त्यांनी बरोबर पकडला. कारण मात्र वेगळं आहे. आपल्या शरीरात टीएनएफ नावाचा एक निरोप्या असतो. जळजळ पेटवायचा निरोप तो पेशींना देतो. क्रोन्समध्ये आतड्यात हे निरोप थांबतच नाहीत, म्हणून अ‍ॅडालिमुमॅब त्याला अडवतं. पण हाच टीएनएफ आणखी एका निरोप्याला, इंटरफेरॉनला, आवरून धरत असतो. टीएनएफ अडवला की काही जणांच्या त्वचेत इंटरफेरॉन मोकाट सुटतो आणि सोरायसिससारखी, खपल्या धरणारी पुरळ उठते. तळहात, तळपाय आणि डोकं या तिच्या नेहमीच्या जागा. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही जागा त्याच आहेत.

चमत्कारिक वाटेल, पण अ‍ॅडालिमुमॅब हे सोरायसिसचंही औषध आहे. अमेरिकेत २००८ सालापासून ते त्यासाठी मंजूर आहे. एकाचा सोरायसिस जे औषध घालवतं तेच दुसऱ्याला सोरायसिस देतं, म्हणून आमच्या पुस्तकांत याला विरोधाभासी सोरायसिस म्हणतात. आतड्याच्या आजारासाठी ही औषधं घेणाऱ्यांमध्ये वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण शंभरात दोन ते दहाच्या दरम्यान येतं, आणि बायकांमध्ये जास्त दिसतं. सुरू केल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येतं. बहुतेक वेळा पोट अगदी छान असतानाच येतं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, आणि तुमच्या खाण्यात, वागण्यात, रक्तात काही बिघाड झाला म्हणूनही हे आलेलं नाही.

अर्थात, पत्रावरून मी निदान करत नाही. मला दाट शंका आहे, एवढंच म्हणते. बायॉलॉजिक चालू असलेल्या माणसाच्या अंगावर जे काही उठेल त्याचं खापर त्या इंजेक्शनवरच फोडायची एक सवय असते, आमच्यासारख्या डॉक्टरांनाही. ती टाळायला हवी. हे बुरशीचं असू शकतं. नायटा हाताला आणि पायालाही होतो, आणि ट्यूब लावून त्याचं मूळ रूप बदललं असेल तर ओळखणं अवघड जातं. क्रोन्समध्ये आतड्यातून झिंक नीट शोषलं जात नाही, जुलाबांतून निघून जातं, आणि झिंक फार कमी झालं तरी हातापायांवर आणि तोंडाभोवती पुरळ येते, केसही गळतात. प्रत्यक्ष क्रोन्समुळेही त्वचेवर खुणा उमटतात: नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, कधी झपाट्याने पसरणारी खोल जखम होते. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा उलटा असतो, आजार आवरलेला नाही आणि उपचार वाढवायला हवा असा. म्हणून आधी त्वचेच्या डॉक्टरांनी हात, पाय, नखं, डोकं नीट पाहायला हवं. खपली खरवडून बुरशीची तपासणी करावी, शंका राहिली तर छोटा तुकडा काढून बायॉप्सी करावी. बायॉप्सी या शब्दाला घाबरू नका. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो.

त्या ट्यूबबद्दल आता स्पष्ट बोलते, कारण हे पत्र वाचणाऱ्या निम्म्या घरांत ती फडताळात असेल. मेडिकलमध्ये 'खाजेची द्या' म्हटलं की मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली आणि खाज दबते. नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. सोरायसिस असेल तर ट्यूब संपताच उसळून येतो. तुम्हाला नेमकं हेच झालं. २०१८ साली केंद्र सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण आपल्या गल्लीतलं वास्तव तुम्हाला ठाऊक आहे. ती ट्यूब फेकू नका. पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या, नाव पाहिल्यावर त्यांना पुष्कळ उलगडा होईल.

आणि काढा. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. पण तुमच्या बाबतीत मी तो घेऊ देणार नाही. रक्तशुद्धीच्या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ मिश्रणांत सोनामुखीसारखं रेचक असतं. ज्या आतड्याला इतक्या वर्षांनी विसावा मिळाला, त्याला जुलाबाचं औषध द्यायचं नाही. प्रतिकारशक्ती 'वाढवणाऱ्या' वनस्पतींचंही तसंच. तुमचा आजार मुळात प्रतिकारशक्ती जास्त चवताळल्याचा आहे. गुळवेल नियमित घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वादही झाला. तुमच्या शरीरावर त्या वादाचा निकाल लावायची मात्र गरज नाही. नातेवाइकांना 'डॉक्टरांनी दुसरं काहीही घ्यायचं नाही असं बजावलं आहे' असं माझ्या नावावर सांगा. सासूबाईंना मात्र खरं कारण सांगा. क्रम त्यांनीच बरोबर ओळखला होता हेही सांगा. ज्या बाईने तुमचे सहा महिने पथ्याचे डबे केले असं तुम्ही लिहिता, तिला एवढं समजावून सांगायला हरकत नाही.

आता त्या लाजेकडे येते.

'पोट वाचलं तेच खूप, आता हाताचं काय घेऊन बसायचं' हे मी २४ वर्षांत इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की वाक्य सुरू झालं की शेवट कळतो. संधिवाताच्या, किडनीच्या, कॅन्सरच्या रुग्ण बायका. एक मोठं दुखणं निभावलं की उरलेल्या दुखण्यांवरचा हक्क आपण सोडून देतो. जणू बरं होण्याचा एक कोटा असतो आणि तो संपला. ताई, पोटाच्या डॉक्टरांनी तुमच्यावर उपकार केले नाहीत, उपचार केले. त्या औषधाचा परिणाम पोटावर काय झाला हे जितकं त्यांचं काम, तितकंच त्वचेवर काय झाला हेही. त्यांना सांगितलं नाही तर तुमच्या फाइलवर 'औषध उत्तम लागू, काही त्रास नाही' अशी नोंद राहील आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या चुकीच्या नोंदीवर होईल.

शिवाय ही सौंदर्याची तक्रार नाही. तळहाताला भेगा असताना भाकरी थापणं, मिठाचं पाणी लागणं, ओला फडका पिळणं, दिवसभर खडू धरणं, तळपायाला फोड असताना पाच तास वर्गात उभं राहणं. हे सगळं तुम्ही पत्राच्या शेवटी, कंसात लिहिलं आहे. ते पहिल्या ओळीत लिहायचं. क्रोन्स सहा वर्षं तुमच्या पोटात दडून होता, कुणाला दिसत नव्हता, आणि तुम्ही तो शिताफीने लपवला. आता प्रथमच काहीतरी सगळ्यांना दिसतं आहे. मला वाटतं तुम्हाला फोडांपेक्षा हे उघडं पडणं जास्त बोचतं आहे. तसं असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे.

आणि 'पोट की हात' हा प्रश्नच मला मान्य नाही. मधे बऱ्याच वाटा आहेत.

बहुतेकांची पहिली वाट अशी की इंजेक्शन चालू ठेवायचं आणि त्वचेवर नेमका उपचार करायचा. चिठ्ठीवर लिहून दिलेलं जोरदार स्टेरॉइड मलम ठरावीक दिवस, त्याच्या जोडीला कॅल्सिपोट्रिऑलसारखं ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम, डोक्याला वेगळं लोशन. मघाशी मी स्टेरॉइड ट्यूबला नावं ठेवली आणि आता तेच सांगते आहे असं वाटेल. फरक असा की कुठलं, किती, किती दिवस आणि कसं कमी करत थांबवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. तळहाताची कातडी जाड, तिला जोरदार मलम चालतं. तेच चेहऱ्याला लावलं तर कातडी पातळ होते. एवढ्याने भागलं नाही तर हातापायांना अतिनील प्रकाशाचा उपचार देता येतो. गर्भारपणातही जे उपचार आम्ही विचारात घेतो, त्यांत अरुंद पट्ट्याचा यूव्हीबी प्रकाश येतो. अनेक जणांचं एवढ्यावर भागतं आणि इंजेक्शन चालू राहतं.

नाहीच भागलं, तर बायॉलॉजिक बदलायचं. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कंपनी बदलून अ‍ॅडालिमुमॅबच घेतलं, किंवा त्याऐवजी इन्फ्लिक्सिमॅब घेतलं, तर पुरळ पुन्हा येण्याचा संभव मोठा, कारण दोन्ही टीएनएफलाच अडवतात. वेगळ्या जागी काम करणारं औषध लागतं. उस्टेकिनुमॅब सोरायसिससाठी २००९ मध्ये आणि क्रोन्ससाठी २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, म्हणजे ते पोट आणि त्वचा दोन्हीकडे चालतं, आणि अशा वेळी बरेचदा त्याचाच विचार होतो. खर्च हा इथला मोठा अडसर आहे, ते मला माहीत आहे. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायॉलॉजिकसारखंच बनवलेलं स्वस्त औषध, २०१४ साली भारतातच बाजारात आलं, तेव्हा कुठे ते आपल्याकडच्या घरांच्या थोडंफार आवाक्यात आलं. नव्या औषधांचं तसं प्रत्येकाच्या बाबतीत झालेलं नाही. म्हणून बदलाची चर्चा करतानाच दर महिन्याचा खर्च, विम्यात काय बसतं आणि कंपनीची रुग्णांसाठी काही सवलत आहे का, हे संकोच न करता विचारा. मधेच पैसे संपून खंड पडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना क्रोन्सची पूर्ण फाइल न्या. 'हाताला फोड' एवढंच सांगू नका. सोरायसिसवर आम्ही अलीकडे सेक्युकिनुमॅबसारखी, आयएल-१७ नावाच्या निरोप्याला अडवणारी इंजेक्शनं सर्रास देतो. त्वचेला ती फार चांगली, पण क्रोन्स त्यांनी उसळू शकतो. हे माहीत नसलेला डॉक्टर चांगल्या हेतूने तुमचं पोट बिघडवेल. भेगा दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्याही परस्पर घेऊ नका, त्याही आतड्याला सोसत नाहीत. आणि 'एक स्टेरॉइडचं इंजेक्शन मारतो, सगळं जाईल' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. सोरायसिस अशा इंजेक्शनचा असर ओसरताना कधी कधी अंगभर पू भरलेल्या फोडांनी परततो.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. पण माझ्या दृष्टीने पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे, कारण तिच्यामुळे औषधांची निवड बदलते. तळहातांच्या हट्टी सोरायसिसवर दोन गोळ्या नेहमी लिहिल्या जातात, मेथोट्रेक्सेट आणि अ‍ॅसिट्रेटिन. दोन्हींनी गर्भात व्यंग होऊ शकतं. मेथोट्रेक्सेट थांबवल्यावर तीन ते सहा महिने गर्भ राहू द्यायचा नसतो. अ‍ॅसिट्रेटिन थांबवल्यावर तर तीन वर्षं. तीन वर्षं, ताई. म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य 'आम्हाला या वर्षी मूल हवं आहे' हेच असू दे. उलट, अ‍ॅडालिमुमॅब गर्भारपणात सहसा चालू ठेवतात, कारण गर्भाला औषधापेक्षा आईचा उसळलेला क्रोन्स जास्त घातक असतो. आतडं शांत असताना दिवस राहिले तर सगळं सुरळीत पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. इंजेक्शन गुपचूप बंद करणं हे बाळाच्या दृष्टीनेही उलटंच होतं. एक गोष्ट आत्ताच डायरीत लिहून ठेवा: औषध नाळेतून बाळाच्या रक्तात जातं आणि काही महिने राहतं, म्हणून जन्मल्याबरोबर टोचतात ती बीसीजीची लस अशा बाळांना पुढे ढकलावी लागते. इतर जिवंत लसींबद्दलही बालरोगतज्ज्ञांना विचारावं लागतं. प्रसूतिगृहात बीसीजी रिवाजाप्रमाणे लगेच दिली जाते, तेव्हा हे आधीच कागदावर लिहून घ्या.

केसांचं थोडं वेगळं आहे. अ‍ॅझाथायोप्रिनने केस झडले होते, म्हणून आताही तसंच होईल या भीतीने तुम्ही केस विंचरायचं सोडलं आहे. ते केस जाण्याचं कारण बहुधा जनुकातलं होतं. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकाचा एक प्रकार आशियाई लोकांमध्ये बराच आढळतो. तो ज्यांच्यात असतो त्यांना ती गोळी सुरू होताच काही आठवड्यांत केस झडतात आणि पांढऱ्या पेशी घसरतात. (ही गोळी नुकतीच सुरू झालेल्या वाचकांनी केस मुठीने येऊ लागले तर त्याच दिवशी रक्त तपासून डॉक्टरांना कळवावं. शाम्पू बदलून वाट पाहू नये.) आताची टक्कल पडलेली जागा कोंड्याखाली आहे, म्हणजे ती डोक्यातल्या सोरायसिसचीच असावी. वेळेत उपचार झाला तर तिथे केस बहुतेक परत येतात. फार उशीर केला तर मुळं कायमची बुजण्याचा धोका असतो. चार महिने झाले आहेत, आणखी थांबू नका. कंगव्याने खपल्या उकरू नका. खोबरेल तेल लावून मऊ करा, हळू धुवा.

डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत घरी करण्यासारखं थोडं आहे. हात कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, सॅनिटायझर भेगांना लावू नका. हात धुतल्यावर ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन चोळा, रात्री जाड थर देऊन वर सुती हातमोजे आणि मोजे घाला. भांड्यांसाठी रबरी मोजे वापरा पण आत सुती, नाहीतर घामाने वाढतं. भाकरी काही दिवस दुसऱ्या कुणी थापू दे. हे सांगायला तुम्हाला जड जाईल, तरी सांगा. फोड फोडू नका. दर रविवारी खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून, तळहात, तळपाय आणि डोक्याचा फोटो काढा आणि खाली तारीख, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, पोट कसं होतं हे लिहा. आपल्या सावळ्या रंगावर ही जळजळ पुस्तकातल्या चित्रांसारखी लालभडक दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसते, म्हणून डॉक्टरही तिला कमी लेखतात. फोटोंचा क्रम तिथे उपयोगी पडतो. फोड बरे झाल्यावर काळे डाग महिनोन्‌महिने राहतील. ते डाग म्हणजे आजार नव्हे, त्यासाठी मलम वाढवू नका.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं की ते पुरळ असलेल्या जागी टोचू नका. टोचल्या जागी दोन दिवस लाल गांधी येणं वेगळं, ते काही जणांना होतं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं आणि दर वेळी मांडीची किंवा पोटाची जागा बदलली की ते कमी होतं.

काही लक्षणं मात्र तारखेची वाट पाहण्यासारखी नसतात. तापासह अंगभर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा होऊन कातडी सोलणं, इंजेक्शननंतर ओठ सुजणं किंवा दम लागणं, पायाची एखादी जागा गरम, लाल, दुखरी होऊन पसरत जाणं. यात सरळ दवाखाना गाठायचा. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात दुखरे फोड आले तर ती नागीण असू शकते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर ती जास्त होते आणि गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केल्या तरच चांगल्या लागू पडतात. डोळ्याजवळ आली तर त्याच दिवशी. आणि उन्हात चेहऱ्यावर पुरळ, सोबत सांधे धरणं असं झालं तर तेही कळवा. या औषधांनी क्वचित ल्यूपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, प्रकार होतो.

डॉक्टर दोन आहेत, शहर एक आहे, पण ते एकमेकांशी बोलतीलच असं गृहीत धरू नका. एका कागदावर चारच ओळी लिहा: आजार आणि साल, आतापर्यंतची औषधं आणि ती का थांबली, फोड कधी आले, मूल कधी हवं आहे. त्याची प्रत दोघांनाही द्या आणि दोघांचा फोन नंबर त्यावर असू द्या. पोटाचे डॉक्टर रक्तातली औषधाची पातळी, त्याविरुद्धच्या अँटीबॉडी आणि विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) तपासायला सांगतील असा माझा अंदाज आहे. त्या तीन आकड्यांवरून औषध ठेवायचं की बदलायचं हे पुष्कळसं ठरेल. त्या दिवशी नवऱ्याला सोबत न्या. डोस चुकवल्याचं त्याला आदल्या रात्री सांगा, दवाखान्यात कळायला नको.

राहिली ती तिसरीतली मुलगी. सोरायसिसच्या फोडांतल्या पुवात जंतू नसतात. तुमचे फोड त्याचेच असल्याचं तपासणीत ठरलं की तुमच्या हाताने कुणाला काहीही लागणार नाही, ना वही तपासताना, ना हळदी-कुंकवात वाण देताना. तोवर चार दिवस सुती मोजे घालून शिकवा. बुरशी नाही हे कळलं की मोजे काढा आणि वर्गाला एकदाच सांगा: 'मला पोटाचा आजार आहे. त्याच्या औषधाने हाताला फोड येतात. ते कुणाला होत नाहीत.' आठ वर्षांच्या मुलांना एवढं पुरतं. त्यातलं कुणीतरी दुखतं का म्हणून विचारेल. तेव्हा खरं ते सांगा, की हो, खडू धरताना दुखतं. बहुधा तीच मुलगी फळा पुसायला पुढे येईल.